स्पर्धा परीक्षा थांबवली, आता स्वतःशी कसं वागायचं?

एमपीएससी किंवा यूपीएससीची तयारी काही वर्षं करून ज्यांनी ती थांबवायचं ठरवलंय, किंवा वय, पैसा नाहीतर थकवा यांनी ज्यांच्यासाठी ते ठरवून टाकलंय, त्यांच्यासाठी हा लेख. प्लॅन बी कोणता निवडावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण पुण्याच्या पेठेतली खोली सोडल्यापासून नव्या कामात जरा रुळेपर्यंतचे जे महिने असतात, त्यांत माणूस दिवसभर स्वतःला काय काय बोलत असतो, हे कुणी विचारत नाही. माझं मत असं की प्लॅन बी बहुतेकदा तिथेच अडतो. जाहिरात समोर असते, अर्ज अर्ध्या तासाचा असतो, पण "तुझ्याच्यानं काय होणार" हे डोक्यात चालू असताना तो अर्धा तास काही केल्या मिळत नाही.

हे लाड नाहीत

स्वतःशी मायेनं वागा म्हटलं की अभ्यासिकेत चार-पाच वर्षं काढलेल्या माणसाला हसू येतं. पहाटेचा अलार्म, भिंतीवर चिकटवलेली ध्येयवाक्यं, मोबाईल लॉकरमध्ये, सण-लग्न सगळं बंद. स्वतःला धारेवर धरलं म्हणूनच इथवर आलो, हात सैल सोडला तर पार बसून जाऊ, अशी भीती असते. ती प्रामाणिक आहे, पण बरोबर नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एक तर थेट परीक्षेचाच होता. विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड शब्दसंग्रह चाचणी दिली. ती बिघडल्यावर काहींना सांगितलं, असं खूप जणांचं होतं, स्वतःवर फार कठोर होऊ नका. पुढच्या चाचणीआधी त्याच मुलांनी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला.

टेक्सास विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःवरच्या या मायेची, म्हणजे आत्मकरुणेची जी मांडणी केली, तिचे तीन भाग आहेत. दुखतंय ते न लपवता आणि न फुगवता ओळखायचं. हे आपल्या एकट्याचं नाही, माणसांचं असं होतं, याची आठवण ठेवायची. आणि त्या वेळी स्वतःशी जवळच्या माणसासारखं वागायचं. यात स्वतःला थोर समजणं कुठेच येत नाही. आरशासमोर उभं राहून "मी विजेता आहे" म्हणायचे प्रकार मला व्यक्तिशः पटत नाहीत. लिस्टमध्ये नाव नसलेल्या माणसाला ते दुसऱ्या मिनिटाला खोटं वाटतं, आणि मग खोटं बोलल्याबद्दल आणखी एक शिवी स्वतःलाच बसते.

पुढच्या सात पायऱ्यांच्या आधी एक गोष्ट

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन रोजच खचलेलं असेल, झोप किंवा जेवण पार बिघडलं असेल, आंघोळीलाही उठवत नसेल, किंवा मेलेलं बरं असे विचार येत असतील, तर लेख बाजूला ठेवून माणसाशी बोला. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं. जीवावर बेतण्यासारखं असेल तर एकटं राहू नका, रूम पार्टनरला उठवा, ११२ लावा. नेहमीच्या उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथे ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. "याला येरवड्याला न्या" हा आपल्याकडचा जुना विनोद. त्या विनोदापायी किती जणांनी त्या ओपीडीची पायरी चढली नसेल, देव जाणे.

तयारी करणाऱ्यांत आणखी एक भीती असते: असं काही बोललो तर पोलिसांत नोंद होईल, उद्या चारित्र्य पडताळणीत अडकेल. नुसता विचार मनात येणं हा गुन्हा नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाबाबतही मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ मध्ये असं म्हटलंय की ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

पायरी १ : आठवडाभर नुसतं टिपून घ्या

काहीही बदलायचा प्रयत्न न करता, स्वतःला जे बोलता ते जसंच्या तसं वहीत लिहा. वही नेहमीचीच घ्या, नोट्स काढून काढून सवय झालेली आहेच. "तिसावं लागलं, अजून बापाच्या पैशावर." "माझ्या नोट्सवर तो पीएसआय झाला आणि मी?" "एवढी वर्षं पुण्यात मजा मारली असंच वाटणार सगळ्यांना."

आठवड्यानंतर प्रत्येक वाक्यापुढे दोन गोष्टी वेगळ्या काढा: घडलेलं किती आणि शिवी किती. "पूर्व परीक्षा चारदा दिली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेले, दोन्ही वेळा कटऑफच्या खाली राहिले" हे घडलेलं. "मी कशाच्याच लायकीची नाही" ही शिवी. घडलेलं कडू असेल तरी खोडायचं नाही. मुख्यला निबंध कच्चा राहिला, सीसॅट (पूर्वचा कल-चाचणीचा पेपर) शेवटपर्यंत जमलं नाही, हे खरं असेल तर लिहा. पेपर तपासायची सवय इथे उपयोगी पडते: प्रश्नात जे विचारलंय तेवढंच उत्तर, वरची टीका कापायची.

हे करताना एक गंमत दिसते. अर्धीअधिक वाक्यं आपली नसतातच. एखादं काकांचं असतं, एखादं क्लासमधल्या सरांनी भरवर्गात टाकलेलं. ज्याचं वाक्य त्याचं नाव पुढे लिहून ठेवा.

पायरी २ : शरीर

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट सांगतात की भावनांच्या तीन यंत्रणा आपल्यात चालतात. एक धोका ओळखणारी, एक मिळवायला धावणारी आणि एक शांत करणारी. तयारीची वर्षं बहुतेकांची पहिल्या दोनांतच जातात. तारीख जाहीर झाली की धावणं, आन्सर की आली की धोका. तिसरी जणू वापरातूनच जाते. म्हणून परीक्षा संपली तरी पहाटे दचकून जाग येते, आणि दुपारी झोपलं की अपराध केल्यासारखं वाटतं.

त्यासाठी मोठं काही करायचं नाही. दिवसातून दोनदा, पाच मिनिटं, श्वास घेताना घाई नाही आणि सोडताना आणखी सावकाश. एक हात छातीवर ठेवा. हे विचित्र वाटतं, विशेषतः मुलांना. दार लावून करा. डोळे मिटून बसल्यावर काहींची घालमेल वाढते. तसं झालं तर सोडून द्या आणि चालायला जा, पाय जमिनीला टेकल्याची जाणीव ठेवत. जेवण वेळेवर. मेसचा डबा दोन दिवस तसाच परत जात असेल तर मेसवाल्या काकू विचारतातच. त्यांना "भूक नाही" म्हणून टाळू नका. खरं काय ते थोडक्यात सांगितलं तरी चालतं, त्यांनी असे बरेच पाहिलेत.

पायरी ३ : घरच्या बोलीत चार ओळी

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि करायला सगळ्यात अवघड.

समजा तुमच्या रूम पार्टनरचं हेच झालंय. तितकीच वर्षं, तेवढेच मार्क कमी, घरची परिस्थिती तीच. रात्री गॅलरीत तो गप्प बसलाय. तुम्ही त्याला काय म्हणाल? "लायकी नव्हती तुझी" म्हणाल का? जे म्हणाल ते शब्दशः लिहून काढा. मग त्याच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव घाला. घरात ज्या नावानं हाक मारतात ते.

यात एक सूचना माझी: प्रमाण मराठीत लिहू नका. उत्तरपत्रिकेच्या भाषेत लिहिलेली माया पोचत नाही. बीड-लातूरकडचे असाल तर "आरं, लई दमलायस, बस जरा" असं लिहा. अकोला-अमरावतीकडचे असाल तर "काहून एवढं जीवाले लावून घेतं बाप्पा". आजी ज्या बोलीत जवळ घ्यायची ती बोली.

पहिल्या वेळी बहुतेकांना दोनपैकी एक अनुभव येतो. एक तर काहीच वाटत नाही, कोरडेपणाच राहतो. किंवा भसाभस रडू येतं आणि आधीपेक्षा वाईट वाटतं. दुसरा प्रकार घाबरवतो. इतकी वर्षं अडवून धरलेलं असतं, जरा आपुलकी दिसली की ते बाहेर येतं. तेवढ्यावर थांबा, पाणी प्या, कुणाशी तरी साधं काहीतरी बोला आणि दोन दिवसांनी पुन्हा लिहा. रोज रडू येऊन दिवस वाया जात असेल तर हा सराव एकट्यानं न करता समुपदेशकासोबत करा. कोरडेपणा असेल तर मात्र चालू ठेवा. कोरडेपणानं लिहिलेल्या ओळीही आठ-दहा दिवसांनी ऐन वेळी आठवतात, आणि तेवढाच त्यांचा उपयोग.

ऐन वेळ म्हणजे कोणती? बरोबरीच्या एखाद्याच्या सत्काराचा फोटो स्टेटसला दिसतो ती. पोटात खड्डा पडतो. तेव्हा क्रम असा ठेवा: मनात नाव द्या ("जळफळाट होतोय, आणि वाईटही वाटतंय"), मग "हे वाटणारच" एवढंच म्हणा, आणि मग घरच्या बोलीतली एक ओळ. मोबाईल पालथा. टॉपरच्या मुलाखतींचे चॅनेल आणि निकालाचे ग्रुप काही महिने म्यूट केले तर त्यात भित्रेपणा नाही. माणसं ब्लॉक करायची गरज नसते.

पायरी ४ : आकडे नीट वाचा

यूपीएससीच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले होते. पूर्व परीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्यला पात्र ठरले १४,६२४, मुलाखतीला २,८५५ आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. म्हणजे मुलाखतीपर्यंत गेलेल्यांपैकी १,८३९ जणांचं नाव त्या यादीत नव्हतं. ही माणसं अभ्यासात कच्ची होती असं कुणी म्हणेल का? हे आकडे तुम्ही पाठ करून इतरांना ऐकवले असतील, पण स्वतःला लावून पाहिले नसतील.

राज्यातल्या मुलांच्या वाट्याला वेळापत्रकाची अनिश्चितताही आली. मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा तोंडावर आली असताना पुढे ढकलली गेली आणि पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली. राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक करायचं ठरलं, मग आंदोलनानंतर ते २०२५ पर्यंत लांबलं. २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्व परीक्षा पुन्हा पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली. या काळात तुम्ही खोलीभाडं भरत होता, वय वाढत होतं. आता स्वतःचा हिशेब मांडताना हे महिने "मी वाया घालवले" या खात्यात टाकू नका. वहीत दोन रकाने करा, माझ्या हातातलं आणि माझ्या हाताबाहेरचं. दोन्ही रकाने भरले पाहिजेत. सगळं व्यवस्थेवर ढकललं तर त्यातून शिकायला काही उरत नाही, आणि सगळं स्वतःवर घेतलं तर ते खोटं आहे.

पायरी ५ : घरी सांगणं

फोनवर सांगू नका, घरी जाऊन सांगा. आणि निकालाच्या दिवशी नको. आई-वडिलांना एकत्र सांगण्यापेक्षा आधी एकाला सांगणं बऱ्याच घरांत सोपं जातं. वडिलांशी बोलण्याची सवय नसेल तर मोठी बहीण, आत्या, चुलतभाऊ, ज्यांचं वडील ऐकतात अशा कुणाला सोबत घ्या. बोलणं छोटं ठेवा: "अण्णा, मी ही परीक्षा थांबवतोय. मनापासून केलं, नाही झालं. पुढचे सहा महिने मी नोकरी बघणार आहे, या दोन-तीन ठिकाणी अर्ज केलेत." मग गप्प बसायचं. अण्णा चिडतील, किंवा काहीच न बोलता रानात निघून जातील. त्यांचंही एक स्वप्न मोडलेलं असतं, त्यांनाही दोन-चार दिवस द्या. त्यांचं दुःख समजून घेणं वेगळं आणि त्यापायी पुन्हा स्वतःला आरोपी करणं वेगळं.

मुलींना याहून अवघड जातं. तयारी चालू होती तोवर लग्नाचा विषय लांब होता. थांबवली म्हटल्याबरोबर "बरं झालं, आता स्थळं बघू" सुरू होतं. कित्येक जणी केवळ त्यासाठी मन नसताना आणखी एक अटेम्प्ट देतात. म्हणून मुलींनी घरी सांगण्याआधी हातात काहीतरी ठेवावं. एखादा नोकरीचा कॉल, बी.एड.चा प्रवेश, एखादा कोर्स, काहीही. आणि मुदत स्पष्ट मागावी: "एक वर्ष स्थळांचं काढू नका, मला पायावर उभी राहू द्या." आई, मावशी किंवा वहिनी यांच्यापैकी एकीला आधी विश्वासात घ्या. एवढं करूनही कुणी ऐकत नसेल तर तो तुमचा नाकर्तेपणा समजू नका.

गावाचं काय करायचं? ज्याला पाच वर्षं पारावर "साहेब" म्हणून हाक मारली, त्याला यात्रेला जायचं म्हटलं की घाम फुटतो. एक वाक्य ठरवून ठेवा आणि सगळ्यांना तेच द्या.

"काय साहेब, निकाल कधी?"

"मामा, परीक्षा थांबवली. आता संभाजीनगरला काम बघतोय. तुमचं कांद्याचं काय झालं?"

कारणमीमांसा देऊ नका. समोरच्याला तिच्यात फारसा रस नसतो, कांद्याच्या भावात असतो.

पायरी ६ : खोली सोडताना

शक्य असेल तर एका दिवसात सगळं उरकू नका. पुस्तकं रागानं रद्दीत घालण्याचा मोह होतो; एक खोकं भरून ठेवा, बाकी ज्युनिअरला किंवा गावच्या वाचनालयाला द्या. स्वतःच्या हातानं काढलेल्या नोट्स निदान वर्षभर ठेवा. अभ्यासिकेचं आणि खोलीचं डिपॉझिट मागून घ्या. "एवढ्यासाठी कशाला" म्हणून सोडून देणारे मी पाहिलेत, तोही स्वतःला शिक्षा करण्याचाच एक प्रकार. रूम पार्टनरसोबत एक जेवण करा, आणि त्या जेवणात अभ्यासाचा विषय निघाला तर निघू द्या.

वाईट वाटेल. नोकरी मिळाली नाही याचं वाटेलच, शिवाय जो अधिकारी तुम्ही होणार होता, ज्याच्या केबिनचा, पाटीचा, पहिल्या पोस्टिंगच्या गावाचा विचार करत झोपला होता, तो आता होणार नाही याचंही वाटेल. त्याला सुतक म्हटलं तरी चालेल. कुणी गेल्यावर आपण घरातल्या माणसाला लगेच कामाला जुंपत नाही, तेवढी सवलत स्वतःला द्या. तेरावा मात्र ठरवून ठेवा. त्या तारखेनंतर रोज निदान एक अर्ज.

पायरी ७ : बायोडेटा आणि पहिलं काम

मधली वर्षं लपवू नका. "२०१९ ते २०२४ : राज्यसेवा व संयुक्त परीक्षांची पूर्णवेळ तयारी, राज्यसेवा मुख्य परीक्षेस दोनदा पात्र" असं सरळ लिहा. मुलाखतीत विचारलं तर दोन वाक्यांत उत्तर, माफी मागण्याच्या सुरात नको.

पहिला पगार कमी असेल आणि वरिष्ठ वयानं लहान असेल. एक्सेल येत नाही म्हणून तो चारचौघांत काहीतरी बोलेल. त्या संध्याकाळी पायरी १ ची वही पुन्हा काढा. "एक्सेल येत नाही" हे घडलेलं आहे आणि महिन्याभरात शिकता येतं.

पुन्हा जाहिरात आली तर

येणारच. आणि मन हलणारच. तेव्हा काय करायचं हे आत्ताच, शांत असताना लिहून ठेवा. फॉर्म त्याच दिवशी भरायचा नाही, तीन दिवस थांबायचं. मग स्वतःला विचारायचं: वयाच्या अटीत बसतो का, मागच्या वेळी जे कच्चं राहिलं त्यात काही बदललंय का, आणि मला परीक्षा द्यायचीय की मामांना उत्तर द्यायचंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "मामांना" असेल तर तो विचार तिथेच सोडा. बाकी उत्तरं जमत असतील तर भरा, त्यात मागे फिरल्याची लाज कसली? फक्त पूर्वचा निकाल हातात येईपर्यंत नोकरी आणि नवी खोली, दोन्ही सोडू नका.